राळेचा मलम

आमच्या घरात देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर चिनी मातीची एक बरणी असायची. लोणच्याची असते तशीच, फक्त लहान. तिच्यात वरपर्यंत पाणी आणि पाण्याखाली पांढराशुभ्र गोळा. माझी बायको लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं ते लोणी समजून भाकरीवर घेतलं होतं. तो किस्सा घरात अजून चालतो. तो राळेचा मलम. आजी करायची, मग माझी माय करायची, आणि आता गेली तीसेक वर्षं मी करतो.

दिवाळी झाली, थंडी पडली, टाचा उलायला लागल्या की मलम करायचे दिवस आले. घाण्याचं तिळाचं तेल पावशेर, राळ छटाकभर. शेर-छटाक आता गेले, पण माप तेच आहे. चार भाग तेल, एक भाग राळ. राळ खलबत्त्यात कुटून फडक्यातून चाळायची. तेल तापायला लागलं की चिमटीचिमटीनं सोडायची आणि लाकडी पळीनं हलवत राहायचं. जाळ मोठा झाला तर राळ पेट घेते. गावात ज्यांनी रात्रीची सोंगं पाहिली असतील त्यांना आठवेल, राक्षसाचं सोंग यायच्या वेळी दिवटीवर मूठभर राळ फेकायचे आणि भपकन लोळ उठायचा. एखाद्यावर टीकेची राळ उडवली म्हणतात ती हीच. म्हणून माय चुलीशी बसली की आम्हा पोरांना ओट्यावर हाकलायची.

राळ विरघळली की फडक्यातून गाळायची. सालीचे तुकडे, बारीक खडे वर राहतात. मग काशाच्या ताटात ओतून थंड पाणी घालायचं आणि तळहातानं फेसायचं. ते पाणी टाकायचं, नवीन घालायचं, पुन्हा फेसायचं. पिवळट तेल हळूहळू पांढरं होतं, फुगतं, हाताला गार लागतं. माय म्हणायची, शंभर पाणी. मी मोजून पाहिलं आहे, तीस-चाळीस पाण्यांतच तो पांढरा होतो. पण शंभराच्या आत तिचा हात थांबलेला मी पाहिला नाही.

आमच्या फैजपूर-सावद्याच्या भागात पाय म्हणजे काय हे सांगायला पाहिजे. आता केळीला ठिबक आलं. माझ्या तरुणपणी पाटाचं पाणी होतं. रात्रीची पाळी आली की चार-पाच तास अनवाणी चिखलात, बारं फोडत फिरायचं. बोटांच्या बेचक्यात चिखल्या, टाचेला भेगा. भेगेत ज्वारीचं धसकट नाही तर तुरीचं फण घुसलं की डोळ्यांपुढे अंधार. नुसतं तेल लावलं तर पाण्यात धुऊन जातं. राळेमुळे ते चिकटून राहतं, भेग झाकली जाते, आतला ओलावा टिकतो. सात-आठ दिवसांत टाच मऊ. ह्यात जादू काही नाही. झाडाला कुऱ्हाड लागली की झाड स्वतःच्या जखमेवर जे लावतं, तेच आपण आपल्या जखमेवर लावतो, इतकंच.

आजी सांगायची, 1936 च्या डिसेंबरात इथं काँग्रेस भरली तेव्हा तिनं दोन बरण्या संपवल्या. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते, नंदलाल बोसांनी बांबूच्या कमानी उभ्या केल्या होत्या. त्या सगळ्याचं आजीला फार काही नव्हतं. तिला आठवायचे ते पाय. कुठून कुठून लोक चालत आले होते, आणि आमच्या ओट्यावर रात्री टाचा पुढे करून बसायचे. कोणी नाव विचारलं नाही, कोणी पैसे काढले नाहीत. काढले असते तरी तिनं घेतले नसते.

कारण मलमाचे दोन नियम होते. एक, पैसे घ्यायचे नाहीत. पैसे घेतले की गुण जातो. फार झालं तर माय म्हणायची, "बरं वाटलं की मारुतीले नारळ फोडजो." दुसरा, कृती कोणाला सांगायची नाही. घरात एकालाच सांगायची, तीही आपले हात थकल्यावर. मला सांगितली तेव्हा मायनं मला देवापुढं बसवलं होतं. दहावीला गणितात गटांगळ्या खाल्ल्यावर शाळा सुटलेली होती, शेतीत रुळलो होतो, आणि पहिल्यांदाच कोणीतरी मला काही विद्या देत होतं. छाती भरून आली होती, खोटं कशाला बोलू.

ह्या दोन नियमांवर मी पुष्कळ वर्षं अभिमान बाळगला. आता त्यांच्याविषयी मनात जे चाललंय ते लिहून काढावं म्हणून बसलो आहे.

आधी दुसऱ्या नियमाचं सांगतो, कारण त्यात थोडं हसू आहे. मायची पक्की समजूत होती की राळ आमच्या सातपुड्यातली. पालच्या अंगाला, यावलच्या जंगलात सालईची झाडं आहेत. त्यांचा डिंक तडवी, पावरा मंडळी गोळा करून विकतात. त्याचा धूप छान होतो. माय म्हणायची, आपली राळ त्याच कुळातली. एकदा बऱ्हाणपूरला लग्नाला गेलो होतो, तिथल्या काष्ठौषधीच्या दुकानात राळ घ्यायला थांबलो. म्हातारा दुकानदार बोलका होता. त्यानं दोन पुड्या पुढ्यात उलगडल्या. एका पुडीत फिकट, ठिसूळ, ढगाळ रंगाचे तुकडे. म्हणाला, ही साल झाडाची, वैद्य जिला सर्जरस म्हणतात ती, बस्तर-मंडल्याकडची, महाग, आणि फारशी कोणी नेत नाही. दुसरीत मधाच्या रंगाचे, काचेसारखे चकचकीत खडे. ही चिडाची. हिमाचल, उत्तराखंडात चिडाच्या झाडाला चिरा पाडतात, खाली भांडं टांगतात, चीक जमतो. तो भट्टीत तापवला की टर्पेंटाइन उडून वेगळं होतं आणि खाली राहते ती ही राळ. ट्रकच्या ट्रक येतात. साबणाला जाते, शाईला जाते, रेडिओ दुरुस्तीवाला डाग देताना वापरतो तीही हीच.

आमच्या घरातली राळ कोणती हे मला विचारावं लागलं नाही. मधाच्या रंगाची, चकचकीत.

म्हणजे तीन पिढ्यांचं आमचं गुपित हिमालयातून ट्रकमधून येत होतं आणि किराण्याच्या कोपऱ्यात किलोवर विकलं जात होतं. त्या दुकानदारानं जाता जाता कृतीही सांगितली. तेल चार भाग, राळ एक भाग, पाण्यात फेसायचं. म्हणाला, "पुराने लोग सब जानते हैं." मी घरी येईपर्यंत गप्प होतो.

पुढे माझ्या भावाची नात फार्मसीला गेली. तिनं आणखी एक वाचून दाखवलं. तिकडे उत्तरेला फिनलंड देशात स्प्रूस म्हणून चिडाच्याच नात्यातलं झाड आहे. त्याची राळ तिथले खेड्यातले लोक लोण्यात शिजवून जखमेवर लावत आले. तिथल्या डॉक्टरांनी ती अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या जखमांवर तपासून पाहिली. 2008 साली ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजीत ते छापून आलं. नेहमीची पट्टी लावलेल्यांपेक्षा राळेचा मलम लावलेल्यांच्या जखमा जास्त भरल्या. रुग्ण थोडेच होते, पण भरल्या.

मला अर्थातच आनंद झाला. बघा, आमची माय बरोबर होती! पोरगी म्हणाली, "आबा, तुम्ही एक गोष्ट सोडली. त्यांनी किती जणांच्या भरल्या नाहीत तेही लिहिलंय. आणि किती जण मधेच सोडून गेले तेही."

हे वाक्य मला तेव्हा बोचलं नाही. पुढे नानांचं झालं तेव्हा बोचलं.

नाना आमच्या शेजारचे. माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी मोठे. बांधाला बांध, पाण्याची पाळी पाठोपाठची. रात्री दोन वाजता पाणी तोडून माझ्याकडे वळवताना शीळ घालायचे, ती ऐकून मी उठायचो. माझे वडील लवकर गेले. केळीची लागण कशी करायची, कोणता कंद घ्यायचा, व्यापाऱ्याशी भाव कसा तोडायचा हे मी नानांकडून शिकलो. वाघूड वेळेवर निघालं नाही तर बागेत सगळ्यांसमोर बोलायचे.

2014 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. नाना संध्याकाळी ओट्यावर आले आणि उजवा पाय पुढे केला. अंगठ्याखाली, तळव्याला, चवलीएवढी जखम. चपलेचा खिळा वर आला होता आणि ते दिवसभर तसेच फिरले होते. सुनेनं रक्त पाहिलं तेव्हा कळलं. मी विचारलं, "नाना, दुखत नही का?" म्हणाले, "नही रे. मुंगी चावल्यासारखंबी नही." मला बरं वाटलं. वाटलं, साधंच आहे. मीठपाण्यानं धुतलं, मलम लावला, स्वच्छ फडकं बांधलं. रोज संध्याकाळी येत जा म्हटलं.

ते रोज आले. तीन आठवडे. मी रोज धुवायचो, लावायचो, बांधायचो. रोज विचारायचो, "दुखतं का?" रोज उत्तर, नाही. दुखत नाही म्हणजे भरतंय, असं मी धरून चाललो होतो. जखमेच्या कडा पांढऱ्या झाल्या होत्या, ते मला नव्या कातडीसारखं दिसलं. आणि राळेला स्वतःचा एक वास असतो, देवळासारखा, धुपासारखा. त्या वासाखाली दुसरा वास होता तो मला आला नाही. नानांच्या सुनेला आला. ती पाय नाही बघत होती, फक्त फडकी धूत होती.

नानांना शुगर होती. त्यांना माहीत होतं, गल्लीला माहीत होतं, मला माहीत होतं. लग्नात जिलेबी घेताना लोक त्यांना चिडवायचे. पण शुगरनं पायाची जाणीव मरते, जिवंत नस मुकी होते, आणि न दुखणारी जखमच जास्त वाईट, हे मला माहीत नव्हतं. जळगावला नेलं तेव्हा डॉक्टरांनी एक बारीक नायलॉनचा तंतू घेऊन त्यांच्या तळव्याला ठिकठिकाणी टेकवला आणि डोळे मिटून विचारलं, लागतंय का? नाना म्हणत होते, सुरू तर करा. तंतू सात-आठ जागी टेकून झाला होता.

आधी अंगठा काढला. मग महिन्याभरानं गुडघ्याखालून पाय.

मला कोणी काही बोललं नाही, हे मुद्दाम सांगतो. नाना नाही, मुलगा नाही, सून नाही. उलट घरी भेटायला गेलो तर नाना बाजूच्या माणसाला सांगत होते, "यानं लय केलं माह्यासाठी. रोज पाय धुतला." गल्लीतही हेच. बिचाऱ्यानं फुकट सेवा केली, नानांचं नशीब. तेवढ्यात एक बाई माझ्याकडून टाचेला मलमही घेऊन गेली.

मी झोपायचो नाही. आणि जागेपणी डोक्यात एक फार साधी तुलना यायची, ती शेतकऱ्याची तुलना आहे.

पूर्वी आम्ही केळीचा कंद एकमेकांकडून आणायचो. नानांच्या बागेतला कंद मी आणला, माझा आणखी कोणी. बहुतेक वेळा फुकट, फार तर काढायची मजुरी. नंतर टिश्यू कल्चरची रोपं आली, ती विकत. चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या भागात सीएमव्ही रोगानं लहान बागा उपटून टाकाव्या लागल्या. तेव्हा ज्यांच्याकडे बिल होतं ते बिल घेऊन गेले. मिळालं-न मिळालं ते वेगळं, पण जाऊन विचारलं. अधिकारी आले, पंचनामे झाले. आणि ज्यानं भाऊबंदाकडून फुकट कंद आणला होता तो कोणाकडे जाणार? रोग तर फुकट कंदातूनही येतो. त्यानं गुपचूप झाडं उपटली, बांधावर टाकली आणि भावाला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर लोकांनी त्यालाच नावं ठेवली असती.

पैसे घेतले की गुण जातो, असं माय म्हणायची. मला आता वाटतं, पैसे घेतले असते तर विचारण्याचा हक्क आला असता. नानांच्या मुलानं मला गल्लीत उभं करून विचारलं असतं, तुला काय कळत होतं म्हणून तू तीन आठवडे हात लावत होतास? आणि ते त्यानं विचारायला पाहिजे होतं. मी फुकट दिलं, म्हणून माझ्या पदरी पुण्य पडलं आणि त्याच्या तोंडाला कुलूप.

मग मागचं सगळं वेगळं दिसायला लागलं. आमच्या ओट्यावर बरे झालेले परत येऊन सांगायचे. नारळ फोडला म्हणायचे. न बरे झालेले यायचेच नाहीत. कशाला येतील? फुकट दिलेल्याला नावं ठेवायला? मायच्या हाताला गुण आहे असं सगळं गाव म्हणायचं, त्यातले निम्मे हिशेब कधी वहीत आलेच नाहीत. मला आठवतं, एका लेकुरवाळीच्या हाताला मलमानं लाल पुरळ उठलं, खाज सुटली. माय म्हणाली, "अंगातली उष्णता बाहेर निघून राह्यली, लावत राय." ती बाई पुन्हा आली नाही. त्या फार्मसीच्या पोरीला विचारलं तर म्हणाली, चिडाच्या राळेची काही जणांच्या कातडीला ॲलर्जी असते, ही माहीत असलेली गोष्ट आहे. मायला ती माहीत असायचं कारण नव्हतं. पण ती बाई का आली नाही हे विचारायला मायही कधी गेली नाही.

हे लिहिताना हात अडखळतो. मायवर ठपका ठेवायला मी बसलेलो नाही. तिच्या उमेदीत दवाखाना म्हणजे भुसावळ, आणि भुसावळ म्हणजे दिवसाची मजुरी गेली, गाडीभाडं वेगळं. तिनं मलम दिला नसता तर त्या माणसाला दुसरं काहीच मिळालं नसतं. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला आपल्यापाशी आहे ते देणं, ह्यात मला आजही चूक दिसत नाही. आणि भेगांना मलम लागू पडतो, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, माझ्या स्वतःच्या टाचा साक्षीला आहेत. पण माझ्या काळात दवाखाना आला होता. नानांच्या घरून मोटरसायकलवर दहा मिनिटं. मायनं दिलं ते दुसरं काही नव्हतं म्हणून. मी दिलं ते आमच्या घरातून देतात म्हणून, आणि खरं सांगायचं तर नानांसारखा माणूस रोज माझ्या ओट्यावर येतो हे मला आवडत होतं म्हणून. ज्यानं मला शिकवलं त्याचा पाय मी धुतोय, ही भावना गोड असते. त्या गोडीत मी पायाकडे नीट पाहिलंच नाही.

काही जण म्हणतात, मग रीतसर विका. जवळच्या नात्यातल्या एका तरुणानं डबीचा नमुनाही करून आणला होता. हिरवं झाकण, वर झाडाचं चित्र, आणि खाली "शुगरच्या जखमेवर गुणकारी". मी विचारलं, हे कोणी सांगितलं? म्हणाला, त्याशिवाय खपत नाही. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, पोरीनं सांगितलं. ती डबी मी चुलीत घातली. तेव्हा पैसे घेतले म्हणजे माणूस जबाबदार होतो असंही नाही. विकणारा बिल देईल, आणि बिलावर बारीक अक्षरात आपले हात धुऊनही घेईल. माझं म्हणणं विकावं असं नाही. फुकट देणाऱ्यालाही कोणीतरी विचारलं पाहिजे, आणि कोणी विचारत नसेल तर त्यानं स्वतःच मागं जाऊन विचारलं पाहिजे, काय झालं म्हणून. एवढंच मला कळलंय. त्यासाठी मी एक वही केली. कोणाला दिला, कशाला दिला, पंधरा दिवसांनी काय झालं. त्यासाठी लोकांच्या घरी जावं लागतं. लोकांना ते विचित्र वाटतं. एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, दिलेलं परत मागाले आला का काय?"

दुसरा नियम तर मी मोडलाच. कृती वर लिहिली आहे. ज्याला करायची त्यानं करावी, जाळ बारीक ठेवावा. आणि ज्याला शुगर आहे त्याच्या पायाला, मग ती साधी भेग का असेना, मी मलम देत नाही. आधी विचारतो. उत्तराची खात्री वाटली नाही तर कडब्याची काडी घेतो, त्याला डोळे मिटायला लावतो आणि तळव्याला टेकवतो.

मागच्या थंडीत नाना आले. आता ते नकली पाय लावतात, काठी घेतात, पण ओट्याच्या पायऱ्या स्वतः चढतात. बसले, चहा घेतला, केळीच्या भावाला शिव्या दिल्या. मग डावा पाय चपलेतून काढला. टाचेला भेग, चांगली खोल, कडेला काळपट. म्हणाले, "एकच राह्यला बाप्पा. थोडा मलम दे."

मी चष्मा लावून पाय उजेडात घेतला. बोटांच्या बेचक्या पाहिल्या. काडी घेतली. नाना हसले, पण डोळे मिटले. मी टाचेला टेकवली, मग चवड्याला, मग करंगळीखाली.

"लागलं का नाना?"

"कोठी?"

मी काडी ठेवून दिली. म्हटलं, चला, दवाखान्यात जाऊ, आत्ताच. ते म्हणाले, भेगेसाठी कोणी दवाखान्यात जातं का? मी म्हटलं, मी नेतो. ते म्हणाले, तुझ्या बरणीत संपला का? मी म्हटलं, आहे. पण देत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पायाबद्दल त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नव्हता, पण त्या नजरेत राग होता आणि तो मला चांगला वाटला, हे कसं सांगू. ते म्हणाले, "पैसे पाहिजेत का? घे मंग पैसे."

त्यांच्या मुलाला फोन केला, तो आला, आम्ही दोघांनी त्यांना गाडीवर बसवलं. दवाखान्यात भेग साफ केली, गोळ्या दिल्या, रक्त घेतलं, मऊ तळाची चप्पल वापरायला सांगितली, आठ दिवसांनी या म्हणाले. बाकी काही नाही. येताना मी मागच्या गाडीवर होतो. नाना वाटेत बोलले नाहीत. घराशी उतरल्यावर काठी टेकून उभे राहिले, श्वास घेतला आणि म्हणाले,

"तुह्या मायनं दिला असता."

दिला असता, हे खरं आहे. मी त्यांना दारापर्यंत सोडून आलो. त्यांच्या नावापुढे वहीत लिहिलं, दिला नाही. आठ दिवसांनी त्यांना पुन्हा न्यायचं होतं, तारीख लिहून ठेवली.